नऊ नंबरचा टाका

आक्काताई शिंगे नववी पास झाली आणि तिचं लग्न झालं. नवरा अण्णासो कोल्हापूरच्या केएमटी बसवर कंडक्टर, दौलतनगरात दोन खोल्या. १९८६ साली शिरोलीच्या एमआयडीसीत 'नेत्रदीप' नावाचा टीव्ही जुळवायचा कारखाना निघाला आणि तिथं बायका घेतायत असं कानावर आलं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. तीन वर्षांच्या दीक्षाला सासूकडं ठेवून ती मुलाखतीला गेली. मुलाखत म्हणजे काय, तर कल्लाप्पा चौगुले नावाच्या सुपरवायझरनं तिच्यापुढं सुई आणि दोरा ठेवला. तिनं पहिल्या फटक्यात ओवला.

"सोमवारपासनं या," कल्लाप्पा म्हणाला.

लांबलचक टेबलावर बारा बायका ओळीनं बसायच्या. प्रत्येकीला एक नंबर. समोर बोर्ड आला की आपापले पार्ट बसवायचे, उलटा करून टाके घालायचे आणि कडेला रंगाच्या पेनानं आपला नंबर टाकायचा. टाका म्हणजे तापलेल्या आयर्ननं वितळवलेला सोल्डरचा, म्हणजे कथिल-शिशाचा, थेंब. पार्टचा पाय आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी त्यानं जोडली जाते. नीट बसला तर चकचकीत दिसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. घाईत, कमी तापवून घातला तर मळकट दिसतो आणि कधी ना कधी दगा देतो.

आक्काताईचा नंबर चौदा होता, कारण मधले दोन नंबर मालकाला अशुभ वाटायचे म्हणून वगळले होते. नऊ नंबरवर तानाबाई बसायची. सगळ्यात अवघड काम तिच्याकडं. पडद्याला हजारो व्होल्ट पुरवणारा ईएचटी नावाचा वजनदार ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या शेजारची जाड कॉइल, या दोन्हींचे पाय तिनं जोडायचे. वजनदार पार्ट नुसत्या टाक्यावर उभा राहत नाही. म्हणून त्याच्या भोकांत आधी पितळेची बारीक कडी दाबून बसवलेली असायची. बुटाच्या नाडीच्या भोकाला असते तशी, फक्त तांदळाएवढी. बायका तिला बाळी म्हणायच्या, कानातल्या बाळीसारखी दिसते म्हणून. बाळ्या दाबायचं मशीन मागच्या शेडमध्ये होतं. बोर्ड बायकांकडं यायचे ते बाळ्या बसवूनच.

तानाबाई मूळची मुरगूडची. नवरा उद्यमनगरात फाउंड्रीत होता म्हणून कदमवाडीत भाड्यानं राहायची. सकाळी सातच्या बसला दोघींची गाठ पडायची. जी आधी चढेल तिनं जागा धरायची. दुपारी डबा एकत्र. तानाबाईच्या डब्यात रोज ठेचा, आणि तो इतका जहाल की आक्काताई बोट लावून सोडून द्यायची. त्यावर तानाबाई दिवसभर हसायची.

१९८८ पासून नेत्रदीपनं टीव्हीबरोबर कॉम्प्युटरचे मॉनिटरही काढायला सुरुवात केली. काळा पडदा, हिरवी अक्षरं. बँका, कारखाने, दूधसंघ यांच्याकडं नवीनच कॉम्प्युटर येत होते. त्या मानानं खप बरा होता. पुढच्या वर्षी आक्काताईला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिची नजर बारीक होती आणि अक्षर सुवाच्य. पूर्ण जुळलेला मॉनिटर चालू करायचा, चित्र सरळ आहे का बघायचं आणि कार्डावर लिहायचं, एवढं काम.

नव्वदच्या दिवाळीनंतर मॉनिटर परत यायला लागले. सगळ्यांची तक्रार एकच. वीस-पंचवीस मिनिटं चालतो, मग तडतड आवाज येतो आणि पडदा काळा. वरून थाप मारली की परत उजळतो. जानेवारीपर्यंत अकरा मॉनिटर आले. कल्लाप्पानं त्यांचे बोर्ड काढून आक्काताईसमोर ठेवले.

"भिंगातनं बघ आणि काय दिसतंय ते लिहून दे."

तिनं एकेक बोर्ड उलटा करून बघितला. अकराच्या अकरा बोर्डांवर ईएचटीच्या पायांभोवती टाक्याला केसाएवढी गोल चीर होती. तिनं लिहिलं, 'ईएचटीचे टाके फुटलेले आहेत. नंबर ९.' खाली सही केली.

दोन दिवसांनी कल्लाप्पानं तानाबाईला ऑफिसात बोलावलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. जागेवर जाऊन तिनं आयर्नचं टोक ओल्या स्पंजावर पुसलं, स्टँडवर ठेवलं, डबा पिशवीत टाकला आणि कुणाकडं न बघता गेली. बाकीच्या बायकांनी माना खाली घालून काम चालू ठेवलं. कुणाला तरी काढलं की राहिलेल्यांना आपलं राहिलं याचंच बरं वाटतं. आक्काताईलाही थोडं तसंच वाटलं.

त्या संध्याकाळी बसला तानाबाई नव्हती. नंतर कळलं की ती नवऱ्यासकट मुरगूडला गेली. आक्काताईनं जाऊन भेटायचं दोनतीनदा मनात आणलं आणि गेली नाही. तिची स्वतःची एक समजूत होती. आपण दिसलं ते लिहिलं, खोटं काही लिहिलं नाही.

१९९३ मध्ये नेत्रदीप बंद पडला. भंगारवाला माल उचलायला आला, त्याच्याकडून आक्काताईनं तपासणीचं भिंग, एक आयर्न आणि एक पोतंभर जुने बोर्ड घेतले. तेव्हा त्याचं काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. अण्णासो म्हणाला, "माळ्यावर टाक. उंदरं तरी खाणार न्हाईत."

राजारामपुरीत आठव्या गल्लीत सोनल मगदूम नावाची एक मुलगी कॉम्प्युटर क्लास चालवायची. दीक्षा तिथं सुट्टीत टायपिंग शिकायला जायची. एकदा क्लासचा एक मॉनिटर बंद पडला. मुंबईला पाठवला तर महिना जाणार होता. दीक्षानं सहज सांगितलं, की माझी आई हे बनवायची. सोनल मॉनिटर रिक्षात घालून दौलतनगरात घेऊन आली. आक्काताईनं मागचं झाकण काढलं आणि तासाभरात चालू करून दिला. एक कपॅसिटर फुगला होता.

तिथून सुरुवात झाली. १९९८-९९ पर्यंत दारातल्या खोलीत टेबलावर दोन आणि टेबलाखाली चार मॉनिटर कायम असायचे. थिअरी तिला येत नव्हती. सर्किटचा नकाशा वाचता येत नव्हता, इंग्रजी अक्षरं पार्टवर लिहिलेली तेवढीच ओळखायची. पण बोर्डावर वीज कुठून येते आणि कुठं जाते हे हातानं केलेलं असल्यामुळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिची पद्धत ठरलेली होती. आलेल्या मॉनिटरला लगेच हात लावायचा नाही. अर्धा तास चालवून नुसतं बघत बसायचं. चित्र आक्रसतं का, थरथरतं का, वास कसला येतो. मग बंद करून, स्क्रूड्रायव्हरला तार बांधून पिक्चर ट्यूबमधली उरलेली वीज जमिनीत सोडायची. मॉनिटर बंद केला तरी ती वीज आत मुक्कामाला असते, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. मग भिंग, मग मीटर, आणि सगळ्यात शेवटी आयर्न. नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" ती म्हणायची, "मीच. ठेवा खाली."

आता मुख्य गोष्ट. ऑक्टोबर २००४.

कागल तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून कृष्णात सोनलच्या ओळखीनं आला. मोटारसायकलवर मागं एक माणूस, त्याच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेला मॉनिटर. कारखान्याच्या तीन काट्यांवर तीन जुने कॉम्प्युटर होते. ऊस भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन हिरव्या अक्षरांत पडद्यावर यायचं.

"नवीन मशिनं मंजूर हायत," कृष्णात म्हणाला, "पण ती फुडच्या सीझनला. ह्या कॉम्प्युटरला नवा मॉनिटर चालत न्हाय, कार्डच जुनं हाय. पुण्याला हुडकून आलो, असला जुना कुटंच न्हाय. धा नोव्हेंबरला गाळपाची मोळी पडणार. तीन नंबरचा काटा बंद राहिला तर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत जाईल."

"हुतंय काय त्याला?"

"ह्यो स्टोअरात पडून हुता, गेल्याच सीझनला काट्यावर लावला. ईस मिनटं चालतोय आणि जातोय. थाप मारली की येतोय. थापा मारून मारून आमच्या माणसाचा हात दुखाय लागलाय."

पोतं काढल्यावर आक्काताईनं मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. नेत्रदीप. इतक्या वर्षांत तिच्याकडं शेकडो मॉनिटर आले होते, नेत्रदीपचा एकही नव्हता. तिनं झाकण काढलं. आत उसाच्या पाचटाची आणि धुळीची बोटभर साय. ब्रशनं झाडल्यावर बोर्डाच्या कडेचे नंबर दिसायला लागले. दोन, पाच, सात, नऊ. तानाबाईचा नऊ नेहमी डोक्याकडं जरा चपटा असायचा, तो तसाच होता.

भिंग लावायच्या आधीच तिला माहीत होतं काय दिसणार. ईएचटीच्या पायांभोवती गोल चिरा. तिनं जुनं सोल्डर ओढून घेतलं, नवीन टाके घातले. दहा पाय, दहा टाके, आरशासारखे. मॉनिटर दोन तास चालवला, चार तास चालवला. काही नाही. कृष्णात घेऊन गेला.

आठव्या दिवशी शेजारच्या दुकानात त्याचा फोन आला.

"बाई, तुमचा टाका गेला."

"माझा टाका जात न्हाय," आक्काताई म्हणाली.

"मग कुणाचा गेला? पडदा काळा हाय. चाचणीला चार ट्रॅक्टर चढवले, पाचव्याला गेला."

मॉनिटर परत आला. तिनं भिंग लावलं. तिचे स्वतःचे दहा टाके, आठ दिवसांचे. त्यातल्या सहांना केसाएवढी गोल चीर होती. तिनं एकेक परत तपासला. आयर्न कमी तापलं होतं असं म्हणावं तर टाके चकचकीत होते. सोल्डर तेच, जे ती रोज वापरते. तिच्या हाताचा टाका आजवर परत आला नव्हता. आणि घरी चार तास टिकलेला टाका काट्यावर आठ दिवसांत गेला, कारण घरी टेबल हलत नाही आणि काट्यावर वीस टनांची गाडी चढली की खोलीची जमीन हादरते.

पण बाकीच्या दोन काट्यांवरही जमीन हादरतच होती. ते मॉनिटर चालू होते.

या वेळी तिनं ईएचटीच बाहेर काढला. सगळं सोल्डर स्वच्छ ओढून घेतलं आणि रिकामा बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला. भोकं मोठी दिसली. पायापेक्षा दुप्पट मोठी. भोकाभोवती तांबं नावाला, नखाच्या कडेएवढं. टाका घातला की एवढ्या मोठ्या फटीवर सोल्डरची नुसती साय धरत होती, आणि त्या सायीवर अर्धा किलोचा ट्रान्सफॉर्मर उभा होता. भोकं मोठी होती, कारण ती बाळीच्या मापानं पाडली होती. आणि बाळ्या नव्हत्या.

तिनं अण्णासोला माळ्यावर चढवलं. पोत्याच्या वरच्या थरातून नेत्रदीपचे तीन जुने बोर्ड निघाले. तिन्हींवर ८८-८९ सालचा शिक्का. तिन्हींवर चपटा नऊ. ईएचटीच्या भोकांत पितळेच्या बाळ्या घट्ट बसलेल्या आणि वरचे टाके कालच घातल्यासारखे. भिंगात एकही चीर नाही.

"काय गं?" अण्णासो म्हणाला. "लाईट गेल्यागत का बसलीस?"

"काय न्हाय," ती म्हणाली. पण थोड्या वेळानं तिनं त्याला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कृष्णातबरोबर कारखान्यावर गेली आणि राहिलेले दोन मॉनिटर तिथंच उघडायला लावले. दोन्ही ८९ चे. दोन्हींना बाळ्या. दोन्हींवर नऊ. पंधरा वर्षं हादरे खाऊन धडधाकट. तीन नंबरच्या मॉनिटरवर सप्टेंबर ९० चा शिक्का होता.

"एकाच बाईचं काम, मग ह्योच का खराब?" कृष्णातनं विचारलं.

"काम खराब न्हवतं," आक्काताई म्हणाली.

तिनं जुन्या बोर्डांपैकी एकाच्या बाळ्या आयर्नच्या टोकानं अलगद सोडवून घेतल्या, तीन नंबरच्या भोकांत बसवल्या, मागून दाभणानं फुलवल्या. प्रत्येक पायाला तांब्याच्या तारेचा एक वेढा दिला आणि मग टाके घातले. या कामाला तिला दोन दिवस लागले. मोळी पडायच्या आधी मॉनिटर काट्यावर बसला.

मॉनिटरचं काम संपलं, तरी तिचं चित्त लागेना. एका संध्याकाळी ती उद्यमनगरात कल्लाप्पाकडं गेली. नेत्रदीप बंद झाल्यावर त्यानं शेतीपंपाच्या स्टार्टरचं दुकान टाकलं होतं. घर दुकानाच्या मागंच. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून तो पाटावर बसला होता. त्याची बायको त्रिशला ताट वाढत होती.

"ये, आक्काताई. जेव."

"न्हको, जेवून आलोय." तिनं पिशवीतून दोन बोर्ड काढून, एक बाळ्यांचा आणि एक पोत्याच्या तळाशी सापडलेला नव्वद सालचा बिनबाळीचा, त्याच्यासमोर फरशीवर ठेवले. "नव्वद सालच्या बोर्डांना बाळ्या का न्हाईत?"

कल्लाप्पानं बोर्डांकडं बघितलं. हात लावला नाही. भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला, खाल्ला.

"मशीन मोडलंतं," तो म्हणाला. "बाळ्या दाबायचं. जूनमधी. पार्ट याला दोन-तीन म्हैने लागणार हुते. दोनशे मॉनिटरची ऑर्डर अडकलीती. मालकानं सांगितलं, तसंच जाऊ दे."

"तुम्हाला म्हाईत हुतं."

"मला न म्हाईत व्हायला काय झालं."

"मग तानाबाईला का काढलं?"

"माल परत आल्यावर गिऱ्हाइकाला काय तरी सांगाय लागतंय. कामगाराची चूक, कामगार काढला. त्यांचं समाधान झालं." तो पाणी प्याला. "आणि तू लिहून दिलंतंस न्हवं. टाके फुटल्यात म्हणून. ते काय खोटं न्हवतं."

त्रिशलानं वाटी खाली ठेवली. "तिनं जे दिसलं ते लिहिलं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाला जे म्हाईत हुतं ते तुम्ही लिहिलं न्हाई."

कल्लाप्पानं दुसरी भाकरी ताटात घेतली. तो जेवत राहिला. आक्काताईनं बोर्ड पिशवीत घातले. निघताना त्यानं एवढंच सांगितलं, की तानाबाई मुरगूडला शाळेत खिचडी शिजवायला असते, त्याच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं.

शनिवार सकाळची शाळा असते म्हणून आक्काताई शुक्रवारी गेली. एसटीनं मुरगूडला उतरली, विचारत विचारत शाळेत पोचली. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्या पातेल्यात खिचडी रटरटत होती. चुलीपाशी दोन बायका. एक तरणी, ती पुढं आली.

"पावणं, कुणाला हुडकताय?"

"तानाबाईला."

दुसरीनं उलथनं तसंच हातात धरून मान वळवली. केस पिकले होते, जाड भिंगांचा चष्मा. तिनं आक्काताईला ओळखायला जेवढा वेळ लागायचा तेवढा घेतला.

"जयभीम," ती म्हणाली. "बस. पोरं सुटायच्या आत ह्ये उतरवायचं हाय."

आक्काताई पोत्यावर बसली. पातेलं उतरलं, पोरांच्या रांगा आल्या. वाढायला दोघींचे हात पुरेनात, तेव्हा आक्काताईही उठून डाव घेऊन उभी राहिली. दीडशे पोरं जेवून गेली. तरणी बाई पातेली घासायला नळावर गेली तेव्हा दोघी शेडमध्ये राहिल्या. आक्काताईनं दोन्ही बोर्ड काढून तानाबाईच्या मांडीवर ठेवले आणि सगळं सांगायला लागली. मॉनिटर, काटा, आपले फुटलेले टाके, मोठी भोकं. तानाबाईनं मधेच बोट बोर्डाच्या भोकांवरून फिरवलं.

"बाळ्या न्हाईत," ती म्हणाली.

"व्हय. तेच तर सांगायला आलोय. तुझी चूक न्हवती. तुझा टाका बरोबर हुता."

"मला म्हाईत हाय की."

तानाबाईनं बोर्ड बाजूला ठेवला.

"ज्या दिवशी बिनबाळीचे बोर्ड आले त्याच दिवशी मी कल्लाप्पाण्णाला सांगितलंतं. म्हनाला, तू तुजं काम कर. तुलाबी सांगितलंतं. बसमधी. ह्या बोर्डांना बाळ्या न्हाईत, हे टिकायचं न्हाय म्हणून."

"मला?"

"तुला. तू खिडकीकडं बसलीतीस. दीक्षाला गोवर आलाता, तू तेच सांगत बसलीस."

दीक्षाला गोवर आलेला आक्काताईला आठवत होता. बस आठवत होती. बाळ्यांचं बोलणं आठवत नव्हतं. तिनं आठवायचा खरोखर प्रयत्न केला. पण तानाबाई खोटं बोलत नाही हेही तिला ठाऊक होतं.

"मी इसरलो, तानाबाई."

"व्हय. मला वाटलं तू इसरली न्हाईस, मुद्दाम गप बसलीस. चौदा वर्षं मी तेच धरून बसलोय." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "इसरलीस हे मला कळलं न्हवतं."

"मग मला माफ कर."

"माफ काय करायचं, आता झालं की ते. घरात मात्र लई ऐकून घेतलं. नवरा म्हनायचा, धड टाका घालता येत न्हाय, म्हणून काढलं. मेला तवर म्हनत हुता." हे तिनं खिचडीत मीठ कमी झालं म्हणावं तशा आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "तवा लिहून दिलंतंस. आता बी लिहून दे."

"काय लिहू?"

"जे आता सांगितलंस ते. पोराला दाखवाय पायजे. त्यानं बापाचंच ऐकलंय."

शाळेच्या वहीचं एक पान मिळालं. आक्काताईनं पोत्यावर बसून लिहिलं. सप्टेंबर १९९० च्या बोर्डांना पितळी बाळ्या बसवल्या नव्हत्या, भोकं मोठी राहिली, म्हणून टाके फुटले. टाका घालणाऱ्या नऊ नंबरची यात चूक नव्हती. मी त्याच जागी टाके घातले, ते आठ दिवसांत फुटले. खाली सही, तारीख. तानाबाईनं कागदाची चार घड्या घातल्या आणि ब्लाऊजात ठेवला. मग उरलेली खिचडी ताटलीत वाढून दोघींनी खाल्ली. ठेचा होता. आक्काताईनं खाल्ला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

येताना तिनं तानाबाईला विचारलं, माझ्याकडं काम वाढलंय, येशील का. तानाबाई म्हणाली, डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही, टाका काय दिसणार. आणि इथं शाळेत तिचं बरं चाललं होतं. हेडमास्तर तिच्या शब्दाबाहेर नव्हता.

तीन नंबरचा काटा त्या सीझनला मार्चपर्यंत चालला. पुढच्या वर्षी नवीन मशिनं आली आणि तिन्ही हिरवे मॉनिटर स्टोअरमध्ये गेले. आक्काताईच्या टेबलावरही मॉनिटर कमी होत गेले. लोक पातळ पडद्याचे घ्यायला लागले. ते तिनं एकदा उघडून बघितले, आत बघण्यासारखं काही दिसलं नाही. २००६ पासून ती इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड घ्यायला लागली. त्यात कामाला तोटा नव्हता. दीक्षा नर्सिंग करून सरकारी दवाखान्यात लागली होती.

२००७ च्या उन्हाळ्यात तानाबाईच्या पोराचा फोन आला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, कोल्हापुरात ऑपरेशन करायचं होतं. दीक्षानं नंबर लावून दिला. एका डोळ्याचं झाल्यावर तानाबाई चार दिवस दौलतनगरात राहिली, डोळ्यावर हिरवं फडकं बांधून दारातल्या खोलीत पडून. आक्काताई टेबलावर काम करायची आणि ही पडल्या पडल्या बोलायची. पोराची नोकरी, सुनेचं माहेर, शाळेतला नवा हेडमास्तर जो तिच्या शब्दाबाहेर होता. अण्णासोच्या हातचा चहा तिला आवडला नाही, तो तिनं त्याच्या तोंडावर पातळ आहे म्हणून सांगितला. दुसऱ्या दिवसापासून तो जास्त पावडर टाकायला लागला.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी फडकं काढलं. तानाबाईनं दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून रस्ता, रिक्षा, समोरच्या दुकानाची पाटी बघितली. पाटी तिनं अक्षर अक्षर लावून वाचली. मग दुसऱ्या डोळ्याची तारीख कधीची आहे ते विचारलं. जूनची मिळाली होती. जूनमध्ये शाळा सुरू होते, पहिल्या आठवड्यात सुट्टी मिळणार नाही, असं म्हणून तिनं दीक्षाला ती तारीख पुढं ढकलायला लावली, आणि दुपारच्या एसटीनं मुरगूडला गेली.